जुनं हेलिकॉप्टर किट: कुठे मेहनत घ्यायची आणि कुठे डोळेझाक करायची

प्लास्टिक मॉडेलच्या जुन्या किटचं खोकं उघडलं की आधी दिसतो तो रिव्हेटचा, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या गोल डोक्यांचा, पुरळ. मग एकमेकांशी भांडण असल्यासारखे धडाचे दोन अर्धे, चष्म्याच्या भिंगाएवढ्या जाड काचा, पिवळ्या पडलेल्या डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) आणि फळकुटासारखी जाड पाती. हे सगळंच दुरुस्त करायचं असं नवखा माणूस ठरवतो आणि तिथेच किट अडकतं. माझ्याकडे अशी तीन अर्धवट किटं कपाटात पडून होती, म्हणून सांगतो. हेलिकॉप्टरच्या मॉडेलवर बघणाऱ्याची नजर दोनच ठिकाणी थांबते: काचा आणि रोटर. विमानाला पंख असतात, त्यांच्या पसरट पृष्ठभागावर रंगकाम मिरवता येतं. हेलिकॉप्टर म्हणजे पुढे काचेचा फुगा, वर पंखा आणि मागे दांडा. त्या फुग्यावर आणि पंख्यावर हात चालवा, बाकीचं नीटनेटकं झालं तरी पुरे.

उदाहरणासाठी मी १/७२ मापाचं बेल ह्यूई धरतो, कारण जुन्या किटांच्या ढिगात ते हमखास सापडतं. तुमच्या हातात सिकॉर्स्की एस-५५ असो की अलुएट, कृती तीच. फरक पडतो तिथे सांगेन.

किट हातात घेताना

सीलबंद, दुर्मिळ किट पहिल्या प्रयोगासाठी फोडू नका. खोकं फाटलेलं, एखादा भाग आधीच तोडलेला, डिकल वाया गेलेलं, असं किट शिकायला उत्तम. खोक्यावरच्या चित्रावरून किटचं वय ठरवू नका. साचे एका कंपनीकडून दुसरीकडे जातात आणि तोच जुना माल नव्या खोक्यातून येतो. खरं वय बरेचदा प्लास्टिकवर कोरलेलं असतं, धडाच्या आतल्या बाजूला किंवा पोटाखाली. ह्यूईच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. या हेलिकॉप्टरचा नमुना २० ऑक्टोबर १९५६ ला पहिल्यांदा उडाला आणि सैन्यात त्याचं नाव एचयू-१ पडलं, त्यावरूनच ह्यूई. १९६२ मध्ये अमेरिकी नामकरण बदललं आणि ते यूएच-१ झालं. त्यामुळे खोक्यावर किंवा डिकलवर एचयू-१ दिसलं, तर नाव तरी त्याआधीचं आहे.

सगळे भाग सूचनापत्रिकेशी ताडून मोजून घ्या. मग स्प्रूसकट (भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेल पन्नास वर्षांनीही प्लास्टिकवर असू शकतं, आणि त्यावर रंग धरत नाही. धुताना बेसिनच्या भोकावर गाळणी ठेवा. शेपटीच्या रोटरचं पातं नळीतून गेलं की गेलं.

पट्टी काढा आणि मोजा

कटर उचलण्याआधी पाच मिनिटांचं गणित. १/७२ म्हणजे खऱ्या हेलिकॉप्टरचा एक फूट मॉडेलवर ४.२३ मिलिमीटर. लांब केबिनच्या यूएच-१डी आणि एचचा मुख्य रोटर ४८ फुटांचा, म्हणजे १४.६३ मीटर. मॉडेलवर तो २०३ मिलिमीटर, टोकापासून टोकापर्यंत, भरायला हवा. आखूड केबिनच्या यूएच-१बीचा रोटर ४४ फुटांचा, म्हणजे १८६ मिलिमीटर. जुन्या किटांत नाव एकाचं आणि अंग दुसऱ्याचं असा घोळ सापडतो, म्हणून हा १७ मिलिमीटरचा फरक आधी तपासा. दारावरही खूण आहे: लांब केबिनच्या सरकत्या दाराला दोन खिडक्या, आखूड केबिनच्या दाराला एक.

आता जाडी. केबिनचं दार किटमध्ये एक मिलिमीटर जाड असेल, तर ते खऱ्या मापात ७ सेंटीमीटरहून जाड झालं. तिजोरीचं दार! अर्ध्या मिलिमीटरचा रिव्हेट म्हणजे साडेतीन सेंटीमीटरचा गोळा, छोट्या लिंबाएवढा. हे गणित एकदा केलं की काय तासायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. बरोबर त्याच प्रकाराचे खऱ्या हेलिकॉप्टरचे तीन-चार फोटो समोर ठेवा. एक बाजूने, एक समोरून आणि एक तरी रोटरच्या बुंध्याचा, म्हणजे पाती जिथे जोडतात त्या मधल्या भागाचा.

हत्यारं

बारीक तोंडाचा निपर, कटर आणि जास्तीच्या ब्लेड, चिमटा, ४०० पासून २००० पर्यंतचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, पुट्टी, ०.५ आणि १ मिलिमीटरची ड्रिल पाती व त्यांना धरायची हातमूठ. ०.३ मिलिमीटरची तांब्याची तार आणि ०.२५ व ०.५ मिलिमीटर जाड प्लास्टिक शीट एवढी जास्तीची सामग्री.

गोंद मात्र चार लागतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. पाण्यासारखा पातळ प्लास्टिक सिमेंट धडासाठी; तो प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो. सुपरग्लू धातूसाठी. पांढरा गोंद काचांसाठी. एपॉक्सी वजन आणि नळी पक्की करायला. सिमेंट वापरताना खिडकी उघडी ठेवा, पेपर पाण्यात भिजवून घासा म्हणजे धूळ नाकात जात नाही.

कॉकपिट

इथे जुनी किटं बेधडक कंजुषी करतात. एक सपाट फळी, दोन खुर्च्या आणि त्यावर दोन गोल डोक्यांची माणसं. काच मात्र एवढी मोठी की सगळं दिसतं. माणसं बाजूला ठेवा. खुर्च्यांची पाठ तासून पातळ करा. मास्किंग टेपच्या एक मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून सीटबेल्ट करा, खुर्चीवर थोडे विस्कटलेलेच ठेवा. यंत्रफलक सपाट असेल, तर ०.२५ च्या शीटचा तुकडा योग्य आकारात कापून गडद रंगवा आणि टोकदार लाकडी काडीने पांढऱ्या रंगाचे ठिपके द्या. या मापात डोळा त्यालाच डायल समजतो. प्रत्येक वैमानिकाच्या गुडघ्यांमधला सायक्लिक आणि डाव्या हाताचा कलेक्टिव्ह, हे हेलिकॉप्टर चालवायचे दांडे तारेचे वाकवून बसवा. छताच्या आतला भाग विसरू नका. वरच्या खिडक्यांतून तो दिसतो.

मालकेबिनच्या मागच्या भिंतीवर वगैरे जीव काढू नका. दार बंद ठेवणार असाल तर तिथे फक्त रंग.

वजन

स्किडवर (चाकांऐवजी असलेल्या दोन आडव्या दांड्यांवर) उभं राहणारं ह्यूई सहसा मागे कलंडत नाही. तरी शेपटी जड वाटली, किंवा तुमचं किट नाकाखाली चाक असलेल्या हेलिकॉप्टरचं असेल, तर पुढे वजन लागतं. अडचण अशी की हेलिकॉप्टरचं नाक काचेचं, लपवायचं कुठे? कॉकपिटच्या फळीखाली आणि खुर्च्यांमागच्या पोकळीत जागा शोधा. धडाचे अर्धे टेपने जोडून, काच आणि रोटर तात्पुरते लावून, मागची मुख्य चाकं जिथे टेकतात तिथे बोट धरून तोल बघा आणि मगच वजन पक्कं करा.

माझी चूक इथे लिहून ठेवतो. मी शिशाच्या गोळ्या पांढऱ्या गोंदात कालवून नाकात भरल्या होत्या. साधारण दोन वर्षांनी मॉडेलचं पोट उकललं, सांध्यातून पांढरी भुकटी दिसायला लागली. त्या गोंदाच्या संगतीत शिसं गंजतं, फुगतं आणि प्लास्टिक फोडतं. लोखंडी नट वापरा आणि ते एपॉक्सीने चिकटवा. शिसंच वापरायचं असेल तर तेही एपॉक्सीतच, आणि नंतर हात धुवा.

धड जोडणं

जुन्या सूचनापत्रिकेत एक सापळा हमखास असतो: धडाचे अर्धे जोडतानाच रोटरचा दांडा मध्ये अडकवा, म्हणजे तो फिरेल. असं केलं की पुढची सगळी घासाघाशी आणि रंगकाम त्या दांड्याभोवती करावं लागतं, आणि तो तुटतोच. त्याऐवजी दांडा बाहेर ठेवा. धडाच्या आत, रोटरच्या भोकाखाली पितळेची बारीक नळी एपॉक्सीने उभी बसवा. रोटरच्या दांड्यात खालून भोक पाडून त्या नळीत सैल बसेल अशी टाचणी सुपरग्लूने लावा. रोटर शेवटी वरून नुसता खोचायचा. फिरतो, निघतो, प्रवासात वेगळा ठेवता येतो. नळी उभी बसली का ते दोन्ही बाजूंनी बघा. ती जराशी तिरकी असली तरी २० सेंटीमीटरच्या रोटरवर तिरकेपणा लगेच उघडा पडतो.

अर्धे कोरडे जुळवून बघा. कडेचा पापुद्रा आधी कटरच्या पाठीने खरवडून काढा. धड वाकलं असेल तर गरम पाण्यात मिनिटभर बुडवून हाताने सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. उकळतं पाणी नको. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास पूर्ण नरम पडतं आणि मग शेपटीची दोरी होते.

जोडायला नाकाकडून सुरुवात करू नका. आधी शेपटीच्या दांड्याची वरची कड तंतोतंत लावा, कारण तिथे पुट्टीला जागा नाही आणि सांधा सगळ्यांना दिसतो. तीन-चार सेंटीमीटर जुळलं की पातळ सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवा, गोंद आपोआप आत ओढला जातो. दहा मिनिटं थांबा, मग पुढचे तीन सेंटीमीटर. मधला भाग जुळत नसेल तर आतून प्लास्टिकच्या पट्ट्या लावून त्याला आधार द्या. हलका दाब दिल्यावर सांध्यातून विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती यायलाच हवी. वाळल्यावर घासली की सांधा नाहीसा. दिवसभर हात लावू नका. घाईने घासलेला सांधा आठवड्याभराने खचतो आणि रंगाखाली चर दिसतो.

शेवटी मॉडेल डोळ्यांच्या पातळीवर धरून मागून बघा. शेपटीवरचा आडवा पंख केबिनच्या छताला समांतर हवा. नसेल तर सिमेंट ओलं असतानाच दांडा पिळून घ्या.

रिव्हेटबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. सगळे घासून काढून नव्याने खाचा कोरण्याचा उद्योग पहिल्या किटवर करू नका. खऱ्या ह्यूईच्या अंगावर पत्र्याचे जोड आणि रिव्हेट भरपूर आहेत. गुळगुळीत ह्यूई साबणाची वडी दिसते. ६०० चा ओला पेपर हलक्या हाताने फिरवून रिव्हेटची उंची अर्ध्याहून कमी करा, म्हणजे रंगाखाली ते नुसते जाणवतात. सांध्याजवळचे पुसले गेले तर पांढऱ्या गोंदाचे टाचणीच्या टोकाने दिलेले ठिपके काम भागवतात.

काचा

आता खरी मेहनत. काचेचा भाग स्प्रूवरून पिळून तोडू नका, पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं आणि तडा आत जातो. निपरने लांबून कापा, उरलेला खुंट पेपरने घासा. ओरखडे असतील तर १०००, १५००, २००० असे ओले पेपर क्रमाने फिरवा. काच आधी दुधाळ होईल, घाबरू नका. मग मऊ कापडावर पॉलिशिंग पेस्ट घेऊन गोल गोल घासा. शेवटी पारदर्शक ॲक्रिलिक फ्लोअर पॉलिशमध्ये बुडवून, एक कोपरा टिश्यूला टेकवून जास्तीचा थेंब ओढून घ्या आणि झाकणाखाली रात्रभर वाळवा. जुनी काच एवढी साफ होते की आतल्या सीटबेल्टचं सार्थक होतं.

सपाट खिडक्या पॉलिश करण्यात वेळ घालवू नका. किटमधल्या फेकून द्या आणि पॅकिंगच्या पारदर्शक पातळ शीटमधून नव्या कापा. कागद खिडकीवर धरून वरून पेन्सिल घासून छाप घ्या, तोच साचा.

वैमानिकांच्या डोक्यावरच्या दोन खिडक्या खऱ्या ह्यूईत हिरवट असतात. त्यांच्या आतून पारदर्शक हिरव्या रंगाचा एक पातळ हात द्या. एवढ्या छोट्या गोष्टीने मॉडेल ओळखीचं वाटायला लागतं.

काच पांढऱ्या गोंदानेच लावा, तो वाळून पारदर्शक होतो. सुपरग्लूची वाफ बंद केबिनमध्ये कोंडली की काचेवर आतून धुकं धरतं, आणि तिथे बोट पोचत नाही. माझ्या एका मॉडेलचा वैमानिक कायमचा धुक्यात उडतो आहे. फट राहिली तर ती पांढऱ्या गोंदानेच भरून ओल्या कापसाच्या काडीने पुसा.

मास्किंगसाठी टेप काचेवर लावा, चौकटीची कड काडीने दाबून उठवा आणि नवीन ब्लेडने कापा. जुनी ब्लेड टेप फाडते आणि हात जोर लावतो, मग काचेवर चरा.

रंग आणि डिकल

चौकटींवर आधी आतल्या बाजूचा रंग मारा, मग करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर. प्रायमर हा चहाडखोर असतो, प्रत्येक खड्डा सांगतो. पुट्टी, घासणं, पुन्हा प्रायमर. दोन फेऱ्या धरून चाला. वरचा रंग पातळ थरांत द्या. एकरंगी हिरवट लष्करी ह्यूई निर्जीव दिसतं, म्हणून मूळ रंगात थोडा फिकट रंग मिसळून छताच्या आणि दारांच्या मधोमध हलका फिरवा.

डिकलची परीक्षा आधी. नको असलेला एक आकडा कापून पाण्यात टाका. तुकडे झाले तर उरलेल्या डिकलच्या कागदावर पारदर्शक वार्निशचा हात द्या आणि वाळल्यावर प्रत्येक चिन्ह वेगळं कापा. वार्निश आता त्यांना एकत्र धरेल. पिवळेपणा असेल तर तो कागद उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ठेवा, बराच उतरतो. डिकल चकचकीत थरावरच लावा. मॅट रंगावर त्याखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारखी चमकते.

रोटर

पाती शेवटी, पण मनात पहिल्या दिवसापासून. यूएच-१एचच्या पात्याची रुंदी २१ इंच आणि जाडी त्याच्या १२ टक्के. १/७२ मध्ये रुंदी ७.४ मिलिमीटर आणि जाडी जेमतेम ०.९. किटमधलं पातं बहुधा याच्या दीडपट तरी जाड भरेल. काचेच्या तुकड्यावर ४०० चा पेपर टेपने चिकटवा, पातं त्यावर उताणं ठेवून बोटांनी सारखा दाब देत घासा. पुढची कड गोल ठेवा, मागची धारेसारखी पातळ करा.

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते: पुढची कड कुठली? बेल आणि सिकॉर्स्कीचे रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतात. म्हणजे हेलिकॉप्टरच्या उजव्या बाजूला असलेल्या पात्याची गोल कड नाकाकडे हवी. अलुएट किंवा मिल एमआय-८ घ्याल तर सगळं उलट, ते घड्याळाच्या दिशेने फिरतात. पाती उलटी लावलेली मॉडेलं मी प्रदर्शनाच्या टेबलावरही पाहिली आहेत.

थांबलेल्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने लवतात. सिकॉर्स्कीच्या बिजागरी असलेल्या रोटरवर प्रत्येक पातं खाली झुकतं. पातं कोमट-गरम पाण्यात धरून अंगठा बुंध्यापासून टोकाकडे हलक्या दाबाने तीन-चारदा फिरवा. बाक सगळ्या लांबीत हवा, बुंध्याशी मोडल्यासारखा नको. सगळी पाती एकसारखी लवली का हे टेबलापासून टोकांची उंची मोजून बघा. ह्यूईचा दोन पात्यांचा रोटर तराजूच्या दांडीसारखा डुलतो. उभं असताना एक पातं शेपटीवर आणून पट्ट्याने खाली बांधतात, त्यामुळे मागचं थोडं खाली आणि पुढचं थोडं वर. लाल रंगवलेली टेपची बारीक पट्टी टोकाला बांधून शेपटीपर्यंत आणली तर बघणारा जवळ वाकतोच.

बुंध्यावर किट नुसतं बटण देतं. पात्यांशी काटकोनात एक आडवा दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना वजनं. हा स्थिरक दांडा बेलच्या जुन्या हेलिकॉप्टरांची ओळखच, १९४५ मध्ये उडालेल्या बेल ४७ वरही तो आहे. तो स्प्रूपासून ओढून करा. स्प्रूचा दहा सेंटीमीटरचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून बोटभर वर धरून गोल फिरवत राहा. मधला भाग चकाकतो आणि लोंबायला लागतो, त्याच क्षणी ज्योतीपासून बाजूला घ्या आणि दोन्ही हातांनी ओढा. सावकाश ओढलं तर जाड धागा, झटकन ओढलं तर केसासारखा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा तुकडा निवडून कापा. आता त्याचं टोक ज्योतीच्या जवळ, पण आत नाही, असं न्या. प्लास्टिक आक्रसून टोकाला छोटा गोळा धरतो. दुसऱ्या टोकाला तेच. दोन्ही टोकांना वजनासकट दांडा तयार. पहिले चार-पाच वाया जातील, स्प्रू भरपूर आहे.

बुंध्यात ०.५ चं भोक आरपार पाडा, दांडा मधोमध कापून दोन्ही बाजूंनी त्यात खोचा. मग तांब्याच्या तारेचे चार उभे तुकडे, दोन पात्यांकडे आणि दोन दांड्याकडे, खाली एका छोट्या चकतीवर टेकवा. खऱ्या यंत्रणेत याहून बरंच काही असतं, पण या मापात एवढ्यावर डोळा समाधान पावतो. बुंधा गडद करडा रंगवून पातळ काळ्या रंगाचं पाणी फटीत सोडा, उठावाच्या कडांवर कोरडा ब्रश फिरवून चांदी द्या.

शेपटीच्या रोटरची पातीही तशीच पातळ करा. तो शेपटीच्या कोणत्या बाजूला येतो ते फोटोवरून ठरवा, सूचनापत्रिकेवरून नाही.

स्किड, दारांच्या मुठी आणि छतावरची ओढलेल्या स्प्रूची ॲन्टेना हे सगळं रंगानंतर लावा. मॉडेल उचलताना नेहमी केबिनखालून धरा, आणि शेल्फवर ठेवताना रोटर आधी काढून घ्या. धूळ पुसताना मोडतो तो स्थिरक दांडाच.